गणपतरावांच्या कार्डावरचं अकरावं भोक

गणपतराव झोडे चौतीस वर्षं नागपूर–उमरेड गाडीवर कंडक्टर होते. लोक म्हणतात ते रोज बसनं उमरेडला जायचे. साफ चूक. बस जायची बसच्या चालीनं. गणपतराव जायचे पायी, फक्त बसच्या आतून. ड्रायव्हरच्या पाठीपासून मागच्या बाकापर्यंत, मागच्या बाकापासून ड्रायव्हरच्या पाठीपर्यंत. दिघोरी सुटली की चालायला लागलेला माणूस उमरेडच्या स्टँडवरच थांबायचा. त्यांच्या डेपोत कोणीतरी अंदाज काढला होता, की या हिशेबानं हा गृहस्थ बसच्या आतल्या आतच तीनदा काशीला जाऊन आला आहे आणि तिसऱ्या खेपेला येताना त्यानं रामेश्वरही उरकलं आहे.

अशा माणसाला एके दिवशी शाल-नारळ देऊन जमिनीवर उभं केलं. आणि जमीन हालेना.

सगळा त्रास तिथून सुरू झाला. मनीषनगरच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गणपतराव उभे राहिले की आधी डावीकडे झुकायचे, मग उजवीकडे, मग पुढे ब्रेक लागल्यासारखे. बसले तर पाय नाचायचा. हातातल्या कपात चहाला लाटा यायच्या. खालच्या मजल्यावरच्या दिपालीनं दोनदा वर येऊन विचारलं, "काकू, तुमच्याकडे शिलाई मशीन घेतली का?" समोर सिमेंटचा रस्ता होत होता तेव्हा दबाई करणारं मोठं यंत्र आलं. सगळी बिल्डिंग थरथरायला लागली, फळीवरची भांडी नाचली, माणसं खाली पळाली. एकटे गणपतराव खुर्चीत शांत झोपले. रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच. यंत्र गेलं तसे दचकून उठले.

"अहो, एका जागी उभे राहा ना," बायको कुसुमताई म्हणायच्या. "मले मळमळून राहिलं तुमच्याकडं पाहून."

हास्यक्लब करून झाला. तिथं ते रांगांमधून फिरायला लागले, आणि माणसं हसायची थांबून नकळत खिसे चाचपायला लागली. भजनी मंडळात टाळ दिले तर टाळ पुढे गेले, मंडळ मागे राहिलं. उरली फक्त स्कूटर. स्कूटरवर बसलं की अंग आपोआप हालायचं आणि जीव थाऱ्यावर यायचा. काडीभर सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणायला गणपतराव कॉटन मार्केटला जायचे आणि येताना फुटाळा तलावावरून यायचे. फुटाळा वाटेत नाही, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. चौतीस वर्षं वाटेतलीच गावं पाहिली होती त्यांनी.

मग एका सोमवारी सोसायटीच्या फाटकाजवळच्या तीन कुंड्या गेल्या.

त्यांचा मुलगा सुशील मिहानमधल्या एका कंपनीत होता. स्वभावानं सावध, डाळीतही खडा नाही हे पाहून मग घास घेणारा. त्यानं वडिलांना धंतोलीत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं गुडघ्यावर हातोडी मारली, डोळ्यांत उजेड पाडला, हात पुढे धरायला लावले आणि सांगितलं, "रोग काहीच नाही. सवय आहे."

घरी येताच सुशीलनं हात पुढे केला. "बाबा, चाबी द्या."

"कायची?"

"गाडीची. तुमचा हात हालते, पाय हालते, मान हालते. तुम्ही गाडी घेऊन निघाले का मले ऑफिसात धडधड होते."

"डॉक्टर म्हणे रोग नाई."

"रोग नाही त कुंड्या काहून फुटल्या?"

"अबे, कुंडी मधात आली!"

"कुंडी सहा वर्षांपासून तिथंच आहे, बाबा."

"माझा हात हालत नाई."

"दाखवा."

गणपतरावांनी हात पुढे धरला. हातात चाबीचा जुडगा होता. आतून कुसुमताई ओरडल्या, "आरती कोण करून राहिलं या वेळेले?"

गणपतराव चप्पल घालून बाहेर पडले. संताप आला की माणसाला दिसतात त्या गोष्टी एरवी दिसत नाहीत. बेसा रोडवर टाइल्सच्या एका दुकानाच्या वर पाटी होती, तिच्याखालून ते शंभरदा गेले असतील: दहा मीटर एअर पिस्तूल, नवीन बॅच, वयाची अट नाही. ते तडक वर गेले. वर एक लांबट हॉल, टोकाला कागदाची कार्डं टांगलेली, आणि अलीकडे सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक बारीकशी मुलगी खुर्चीत बसून डबा खात होती. ती तिथली कोच, रोशनी.

"मॅडम, मले एक सांगा," गणपतराव दारातूनच म्हणाले. "एखाद्या माणसाचा हात हालत नाही, हे त्यानं जगाले कसं दाखवावं?"

रोशनीनं त्यांच्यावरून पायापासून वर नजर आणली. ते तेव्हा डावीकडे झुकलेले होते. "वीस छर्रे मारायचे," ती म्हणाली. "एकाचे जास्तीत जास्त दहा, म्हणजे सगळे मिळून दोनशे. दीडशे मारले त कोणी तुमच्या हातावर बोलणार नाही, काका."

त्याच संध्याकाळी जेवताना गणपतरावांनी जाहीर केलं. "बेसा रोडवरच्या पिस्तूल क्लबची तीन महिन्यांनी मॅच आहे. वीस गोळ्या. दीडशे मारले त चाबी माझी, आणि पुन्हा तोंडातून कुंडी काढायची नाई. नाई मारले त चाबी तुझी. कायमची."

सुशीलनं विचार केला. दोन घास खाल्ले. "कायमची?"

"कायमची."

"पिस्तूल?" कुसुमताई म्हणाल्या. "यांच्या हाती मी दुधाचं पातेलं देत नाई, अन् ते लोक पिस्तूल देऊन राहिले?"

त्या लोकांनी ते खरंच दिलं. पहिल्या दिवशी दिलं, आणि दहा छर्रे मोजून दिले. तीन गणपतरावांच्या कार्डावर लागले, चार शेजारच्या दोन कार्डांवर समसमान, दोन मागच्या रबरी पडद्यात. दहावा अजून सापडलेला नाही. बेसा भागात कोणाच्या वरणात दाताखाली आला असेल तर तो क्लबचा आहे. त्यातच मागून कोणीतरी "काका" म्हणून हाक मारली. चालत्या गाडीत मागून हाक आली की कंडक्टर अख्खा वळतो. गणपतराव अख्खे वळले, हातातल्या पिस्तुलासकट. हॉलमधली नऊ माणसं एका क्षणात जमिनीवर झोपली.

"तोंड टार्गेटकडे!" रोशनी जमिनीवरूनच ओरडली. "ब्रह्मदेवानं हाक मारली तरी पिस्तुलाचं तोंड टार्गेटकडे!"

त्यानंतर तीन आठवडे पिस्तूल बंद. त्याऐवजी वाळू भरलेली पाण्याची बाटली. एक हात खिशात, दुसरा सरळ लांब, हातात बाटली, नजर भिंतीवरच्या ठिपक्यावर. एअर पिस्तूल किलोभराचं असतं, पण हात लांब करून धरलं की अर्ध्या मिनिटात त्याचं धान्याचं पोतं होतं. गणपतराव सकाळी गॅलरीत बाटली घेऊन उभे राहायचे. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका म्हातारीला वाटलं, कोणी सत्पुरुष सूर्याला पाणी देतो आहे पण बाटलीचं बूच उघडत नाही. तिनं लांबूनच हात जोडायला सुरुवात केली.

हे सगळं होऊनही हात हालतच होता. पिस्तूल परत मिळाल्यावर तर जास्तच. पिस्तुलाच्या नळीच्या टोकाला एक छोटा उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. ती माशी कार्डावरच्या काळ्या वर्तुळाखाली ठेवायची आणि चाप दाबायचा, एवढंच काम. पण गणपतरावांची माशी खऱ्या माशीसारखी वागायची. बसली म्हणेपर्यंत उडायची. ते वाट पाहायचे, श्वास धरायचे, डोळ्यांत पाणी यायचं, आणि माशी क्षणभर बसलीसं वाटलं की फटकन बोट मारायचे. छर्रा खाली जायचा. दर वेळेला खाली.

शेजारच्या जागेवर महादेवराव असायचे. रामटेककडची धानाची शेती भावाच्या हाती देऊन ते लेकीकडे नागपुरात राहायला आले होते. त्यांच्या आजोबांनी एका वाघाला एका गोळीत लोळवलं होतं. हा वाघ सोमवारी आठ फुटी असायचा आणि शनिवारपर्यंत बारा फुटांचा व्हायचा. नातवाचा नेम मात्र वाढत नव्हता. वर्षभरात महादेवरावांना दहाचा एकही आकडा लागला नव्हता.

"तुमच्या रक्तातच नाही ते, गणपतराव," ते म्हणायचे. "शिकार रक्तात लागते."

"तुमच्या रक्तात आहे ना? मग कार्डावर काहून उतरून नाई राहिली?"

"कागदावर मन लागत नाही गा माझं. वाघ ठेवा समोर, मग पाहा."

दुसरा महिना संपला आणि गणपतराव एकशे सात, एकशे बारा, एकशे नऊ असेच घोटाळत होते. घरात त्यांचं येणं-जाणं वाढलं. स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर. चाबी उशीखाली ठेवून झोपायचे, सकाळी ती फ्रिजवर सापडायची. सुशीलनं फाटकाजवळ तीन नव्या कुंड्या आणून ठेवल्या होत्या.

शेवटी एका दुपारी रोशनीनं त्यांना आपल्या मागे उभं केलं. "माझ्या खांद्यावरून पाहा. माझी माशी पाहा."

गणपतरावांनी पाहिलं. रोशनीचं पिस्तूलही डुलत होतं. थोडंसं, पण डुलत होतं. डावीकडे, उजवीकडे, खाली, वर.

"मॅडम, तुमचा बी हात हालते!"

"सगळ्यांचाच हालते, काका. ज्याले बक्षिसं मिळतात त्याचा बी." डुलता डुलताच तिचं बोट सावकाश मागे सरकत होतं, आणि कधी आवाज झाला ते कळलंच नाही. कार्डावर नऊ. "तुम्ही थांबायची वाट पाहता. थांबलंसं वाटलं का तिकिटाले पंच मारता. तुमचं बोट अजून ड्युटीवर आहे. मले सांगा, चालत्या गाडीत तिकीट फाडताना तुम्ही गाडी थांबायची वाट पाहत होते?"

गणपतरावांनी आपलं बोट डोळ्यांसमोर धरलं आणि हवेतच एक तिकीट सावकाश फाडून पाहिलं. ते इतकं सावकाश होतं की महादेवरावांनी वाघ मध्येच सोडून मान वळवली.

त्या दिवसापासून त्यांनी हालणं सोडायचा नाद सोडला. हॉलची फरशी म्हणजे उमरेडच्या वाटेवरचा, चांप्याच्या पुढचा रस्ता समजायचा. खड्डा आला, येऊ द्या. वळण आलं, अंग जाऊ द्या. बोट मात्र आपलं सावकाश दाबत राहायचं. एकशे अठ्ठावीस झाले. एकशे एकोणचाळीस झाले. मॅचच्या आठवड्यात एकदा एकशे एकोणपन्नास झाले आणि त्या एका आकड्यासाठी गणपतराव अख्खा दिवस नागपूरभर स्कूटर फिरवत राहिले. दीडशे कधीच झाले नाहीत.

मॅच रविवारी सकाळी होती. हॉलच्या मागे काचेची भिंत होती, तिच्यापलीकडे बघणाऱ्यांच्या खुर्च्या. सुशील बसला होता, शेजारी कुसुमताई. क्लबनं तर्री-पोहे ठेवले होते, पण कुसुमताईंनी प्लेट हातातच धरून ठेवली होती. गणपतरावांनी सकाळी चाबी काढून सुशीलच्या समोरच्या खुर्चीवर ठेवली होती, आपल्या आणि त्याच्या मधोमध, जशी काय ती पंच म्हणून आली होती.

वीस गोळ्या, दोन कार्डं, एका कार्डावर दहा. पहिल्या कार्डाला शहात्तर झाले. दुसऱ्यात चौऱ्याहत्तर हवे होते. म्हणजे जमण्यासारखं होतं, आणि जमण्यासारख्या गोष्टीइतकं माणसाला काहीच छळत नाही.

प्रत्येक जागेवर स्टँडला एक छोटी दुर्बीण लावलेली असते, तिच्यातून आपल्या कार्डावरची भोकं दिसतात. प्रत्येक छर्ऱ्यानंतर दुर्बिणीत डोळा घालू नका, असं रोशनीनं हजारदा बजावलं होतं. पण गणपतरावांना न पाहता राहवायचं नाही. माणूस चढला की तो कुठं बसला हे पाहायला नको? आठ. सहा. नऊ. सात. पुन्हा सात. सहाव्याच्या वेळी महादेवराव खोकलले आणि चार लागले. गणपतरावांनी दात आवळले, हात खिशात खुपसला, सातवी मारली. नऊ. चांगली. दुर्बिणीत डोळा घातला.

आठ भोकं होती.

पुन्हा मोजली. खालचं डावीकडचं, काठावरचं चारचं, वरची दोन जवळजवळ... आणि अगदी मधोमध, बोटानं लावलेल्या कुंकवासारखं एक. दहा. सात तिकिटं फाडली आणि गाडीत आठ माणसं.

त्यांनी डोळा काढला. शेजारी महादेवराव आपल्या दुर्बिणीत वाकून काहीतरी शोधत होते. सापडत नव्हतं. त्यांनी हळूच मान वळवून गणपतरावांच्या कार्डाकडे पाहिलं, मग गणपतरावांकडे, मग घाईघाईनं छताकडे.

गणपतरावांना हात वर करून रोशनीला बोलवायला हवं होतं. त्यांनी केला नाही. उरलेल्या तीन गोळ्या त्यांनी कशा मारल्या हे त्यांना विचारू नका. अंग डावीकडे जात होतं, माशी उजवीकडे, आणि मनातल्या मनात कोणीतरी बिनतिकीट मागच्या बाकावर खिडकीबाहेर तोंड करून बसलेलं होतं, अजिबात नजर न देता. सात. आठ. सहा.

रोशनीनं कार्ड ओढून आणलं. मोजलं. पुन्हा मोजलं. मग महादेवरावांचं कार्ड आणलं.

"काकांच्या कार्डावर अकरा भोकं आहेत," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "महादेव काकांच्या कार्डावर नऊ. म्हणजे यांची एक गोळी तिकडं गेली. आता नियम असा आहे, की कोणतं भोक बाहेरचं ते कळत असलं तर ते काढायचं. मारणाऱ्याले शून्य. कळतच नसलं, तर गणपत काकांची सगळ्यांत चांगली दहा भोकं धरायची." तिनं कागदावर आकडे टाकले. "तसे धरले त सत्त्याहत्तर. दोन्ही मिळून एकशे त्रेपन्न."

काचेपलीकडे कुसुमताई उभ्या राहिल्या. पोहे सांडले. सुशीलही उठला. एकशे त्रेपन्न!

"काका, सांगता येईल कोणतं तुमचं नाही ते?"

महादेवराव सरकत जवळ आले. ओठ न हालवता बोलले, "चूप राय गा, गणपतराव. तुले चाबी भेटते, माझी इज्जत राहते. दोघांचं बी भलं. कोणाले कळते?"

कोणालाच कळलं नसतं, हे खरं. कागदावर भोकं सगळी सारखी. गणपतरावांनी मान हालवून "नाही सांगता येत" म्हटलं असतं तर विषय संपत होता. त्यांनी तोंड उघडलंही. पण चौतीस वर्षांची ती खोड. पाचगावजवळ गाडी अडवून तपासणीवाले चढायचे तेव्हा गणपतराव दाराशी उभे राहून, यादी न पाहता, डोक्यांनी गाडी सांगायचे: एवढे बसलेले, एवढे उभे, कडेवरचं एक. एक डोकं जास्त झालं की त्यांच्या अंगाला खाज सुटायची. याला कोणी इमानदारी म्हणेल तर म्हणू द्या; ती खाज होती. आणि आता ती तळपायापासून सुटली होती. त्यांना दिसलं, आपण स्कूटर काढली आहे, फुटाळ्याला चाललो आहोत, आणि मागच्या सीटवर हे दहाचं भोक ऐटीत बसलं आहे. उद्या. परवा. कायमचं.

"मधातलं," गणपतराव म्हणाले.

"काय?"

"मधातलं माझं नाई. ते सहावीच्या अन् सातवीच्या मधात चढलं. हे पहिलं, हे खालचं. हे दुसरं. हे चारचं सहावं, तेव्हा हे खोकलले. हे सातवं. मग तीन, हे, हे अन् हे. मधातलं कोणाचं ते मले माहीत नाई, पण माझ्याकडचं नाई."

रोशनीनं मधल्या भोकावर पेन्सिलीनं काट मारली. एकाहत्तर. एकशे सत्तेचाळीस.

"अबे बैलोबा!" महादेवराव उसळले. "माझ्या जिंदगीतला एकच दहा, तो बी दुसऱ्याच्या गाडीत चढला, अन् तू त्याले रस्त्यात उतरवून देल्ला!" आणि ते तणतणत पोह्यांकडे गेले. तिथं त्यांनी पहिल्या माणसाला सांगितलं की छर्रा चुकून गेला. दुसऱ्याला सांगितलं की गेला खरा, पण दहाच लागला ना? चौथ्या माणसापर्यंत त्यांनी तो मित्राची अडचण पाहून मुद्दाम, तिरक्या अंगानं मारलेला होता.

सुशील आत आला. चाबी त्याच्या हातात होती. त्याचा चेहरा कसानुसा झाला होता. "बाबा, राहू द्या. तुम्ही ठेवा चाबी. तीनच त कमी पडले."

"तीन कमी म्हणजे कमी."

"मी म्हणून राहिलो ना पण!"

"तू कोण म्हणणारा? ठरलं तेव्हा काय ठरलं होतं?"

"कायमची," सुशील बारीक आवाजात म्हणाला.

"मग?" गणपतरावांनी त्याची मूठ मिटवली आणि चालत घरी निघाले. मागून दोघं स्कूटरवरून आले तेव्हा ते निम्म्या रस्त्यात होते, आणि बसायला नाही म्हणाले.

चाबी गेली. पुढचा महिना त्या फ्लॅटनं पाहिला तसा कुठल्या फ्लॅटनं पाहू नये. गणपतराव पहाटे पाचला चालायला लागायचे आणि रात्री जेवूनच थांबायचे. स्वयंपाकघरात जाऊन कढईत डोकवायचे. "फोडणी झाली काय?" "मीठ टाकलं काय?" "कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, मी चार मोजल्या." दिपालीनं खालून निरोप पाठवला, की मशीन शिवणाची नसेल तर पिठाची आहे का. हॉलच्या फरशीवर दारापासून गॅलरीपर्यंत पट्टा उजळ पडला. क्लबला चालत जायचे आणि परत चालत यायचे, तेवढा वेळ कुसुमताईंना श्वास मिळायचा. पण क्लब आठवड्यात तीनच दिवस उघडा.

एका मंगळवारी गणपतरावांनी तिसऱ्यांदा वरणाचं झाकण उचललं. कुसुमताईंनी गॅस बंद केला, पदरानं हात पुसले आणि बाहेर येऊन सुशीलसमोर हात पसरला.

"चाबी आण."

"आई, बाबांनीच त म्हटलं कायमची..."

"शर्त तुझी अन् तुझ्या बाबाची होती. माझी कोणासंग होती?"

"तुले गाडी कुठं येते?"

"येत नाई. शिकतो. या माणसाले घराबाहेर नेऊन सोडायले कोणी तरी पाहिजे का नाई? का तू ऑफिसात नेतो?"

सुशीलनं वडिलांना ऑफिसात कल्पून पाहिलं आणि चाबी दिली.

कुसुमताई शिकल्या. खालची दिपाली शिकवायला आली. तिचा तर त्यात स्वार्थच होता. बेसा रोडमागच्या मोकळ्या प्लॉटवर दोन महिने साडी खोचून स्कूटर चालली. दोनदा बाभळीत गेली, एकदा एक म्हैस स्कूटरकडे पाहून उठली आणि पुन्हा तिथं बसायला आली नाही. पक्कं लायसन हातात पडलं त्याच्या दुसऱ्याच सकाळी त्यांनी हेल्मेटचा पट्टा आवळला, दुसरं हेल्मेट गणपतरावांना दिलं आणि म्हणाल्या, "बसा."

चौतीस वर्षांत गणपतराव कधी प्रवासी म्हणून बसले नव्हते. कुसुमताईंच्या मागे तर जन्मात नाही. ते बसले. हात कुठं ठेवावेत कळेना. खांद्यावर ठेवले, उचलले, गुडघ्यावर ठेवले, सीटच्या मागची दांडी धरली.

गाडी निघाली, सायकलवाल्याला पुढे जाऊ देत. वळण आलं की गणपतराव आधीच वळायचे. खड्डा यायच्या आधी उचलले जायचे. गाडी त्यामुळे अशी चालत होती, की मागून येणाऱ्याला वाटावं दोन माणसं दोन वेगळ्या रस्त्यांनी चालली आहेत.

"हालू नका!"

"मी कुठं हाललो? गाडी हालून राहिली."

"गाडी माझ्या हातात आहे. मागचं ओझं हालून राहिलं."

छत्रपती चौकात सिग्नल लागला. गणपतरावांचे पाय खाली टेकले, उचलले, पुन्हा टेकले. "पिवळा झाला. तयार राय. डावीकडून तो ऑटो येते पाहा. क्लच... क्लच नाही याले. थोडं पुढं घे."

कुसुमताईंनी मान न वळवता विचारलं, "तुमचा ड्रायव्हर होता तो, पंधरा वर्षं तुमच्यासंग होता. त्याले बी असंच सांगत होते?"

"त्याले कायले सांगतो? तो ऐकत थोडी होता."

"मी बी ऐकत नाई."

सिग्नल हिरवा झाला. कुसुमताई निघाल्या नाहीत. मागे हॉर्न वाजायला लागले. आधी एक, मग चार, मग अख्खा चौक. गणपतरावांचा उजवा पाय नाचायला लागला, मग डावा, मग सीट.

"चाल ना वं! काहून थांबली?"

"तुम्ही थांबा आधी. मग मी निघतो."

ऑटोवाला बाहेर हात काढून काहीबाही बोलत गेला. गणपतरावांनी डोळे मिटले, दात आवळले आणि चौतीस अधिक एक वर्षांत पहिल्यांदा अंगातलं सगळं हालणं मुठीत गोळा करून धरलं. तीन सेकंद धरलं. चार. पाचव्याला कान हालायला लागले, पण ते हेल्मेटमध्ये होते.

कुसुमताईंनी गाडी पुढे सोडली.